बिनइंजिनाचं स्टेशन

‘आई, आज इंजिन सांगूनच टाक. संध्याकाळी फोन करते, लगेच मागवते. हा विषय संपवू या आता.’ बस कर्वेनगरच्या सिग्नलला थांबली होती आणि मोबाइलवर शालूचा हा एवढासा निरोप आला. रविवारची सकाळ, अर्धी बस रिकामी, खिडकीतून ऊन थेट मांडीवर. वाईट काहीच नव्हतं त्या निरोपात. माझी मुलगी स्टुटगार्टहून मला खेळण्यातलं एक इंजिन भेट देणार होती आणि कुठलं हवं ते विचारत होती. लोकांच्या मुली एवढंही विचारत नाहीत. पण ‘संपवू या’पाशी मी अडकले. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाचलं. संपवू याच होतं. कंडक्टर म्हणाला, “आजी, डेक्कन आलं, उतरताय ना?” मी म्हटलं, “नाही, पुढे जायचंय.” वास्तविक मला डेक्कनलाच उतरायचं होतं. रुळांच्या मध्ये पसरायला बारीक खडी हवी होती, ती शोभेच्या माशांच्या दुकानात मिळते. आणि मेल्याला आजी म्हणायची तरी काय गरज होती! मी तशीच बसून राहिले.

आमच्या घरी रेल्वे आहे. हे मी सांगितलं की माणसं आधी माझ्याकडे आणि मग माझ्या नवऱ्याकडे बघतात. त्यांना वाटतं, हौस त्यांची असणार. श्रीनिवास बँकेतून निवृत्त झालेले. त्यांची हौस म्हणजे सकाळचा पेपर आणि दुसऱ्याच्या हौशीवर शेरे. रेल्वे माझी. पिंपरीच्या एका कारखान्यात मी सगळी नोकरी जर्मन कागदांची भाषांतरं करण्यात घालवली: हा नट किती आवळावा, ते तेल कधी बदलावं, बोट कुठे घालू नये. तिथे यंत्रं बसवायला आलेले विटमान नावाचे जर्मन फिटर परत जाताना एक खोकं माझ्या टेबलावर ठेवून गेले. आत रूळ, त्यांना वीज पुरवायचा ट्रान्सफॉर्मर, चार हिरवे डबे, तुकडे जोडून उभं करायचं स्टेशन आणि बोटाच्या पेराहून लहान अशी माणसं. इंजिन नव्हतं. ते त्यांच्या मुलानं ठेवून घेतलं होतं. पुढे माझं लग्न झालं, शालू झाली, शाळेत गेली, कॉलेजात गेली, तेवढा सगळा काळ ते खोकं माळ्यावर पडून राहिलं. मग शालू खराडीच्या कंपनीतून जर्मनीला गेली. वारज्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये तिची खोली रोज झाडायची आणि दार ओढून घ्यायचं, एवढंच त्या खोलीत काम उरलं. एका दुपारी मी माळ्यावर चढले. प्लायवूडचा मोठा तक्ता आणून तिच्याच पलंगावर आडवा टाकला, कारण दुसरीकडे जागा नव्हती, आणि त्यावर गाव वसवायला घेतलं. डोंगर वर्तमानपत्राच्या लगद्याचा, झाडं भांडी घासायच्या काथ्याची, गवत म्हणजे रंगवलेला भुसा. श्रीनिवास दारात उभे राहून म्हणाले, “हा जर्मनीतला डोंगर? ही तर पर्वती. वरचं देऊळ तेवढं राहिलंय.” डबे फलाटाला लागून कायमचे उभे, त्यावर म्हणाले, “वक्तशीर आहे हो तुमची रेल्वे. सुटतच नाही, तर उशीर कसला!” हसले मी. या माणसाबरोबर न हसता दिवस काढणं कठीण.

ही हौस दिसते तसा पोरखेळ नाही, तिला सोवळं असतं. एक साल ठरवायचं आणि मग तक्त्यावर त्या सालाचंच सगळं: त्या सालच्या मोटारी, त्या सालचे दिवे, बायकांच्या कोटाची लांबीसुद्धा त्या सालची. नंतरचं काही आत शिरलं की विटाळ. मी अठ्ठावन्न साल धरलं. ज्या पुस्तकातून मी जर्मन शिकले ते त्या साली छापलेलं होतं आणि त्याच्या पहिल्याच धड्यात एक स्टेशन होतं. एक मावशी गाडीतून उतरते, भाची तिला विचारते, प्रवास कसा झाला? बस, एवढाच धडा. मी जर्मनीला कधी गेले नाही. दोनदा निघायचं ठरलं. एकदा यांचं हृदय आडवं आलं, एकदा माझे गुडघे. भाषा येते, देश येत नाही, असं माझं झालं. म्हणून दुपारी यांचा डोळा लागला की मी शालूच्या खोलीत जाते, खाली बसते आणि तक्त्याच्या कडेला गाल टेकते. एक डोळा मिटला की स्टेशन मोठं होतं. भुशाचं गवत हलायला लागतं. कोळशाचा धूर आणि ओल्या लोकरीचा वास येतो, जो मी जन्मात घेतलेला नाही. फलाटावरची माणसं वाट बघत उभी असतात आणि त्यांच्यात मीही असते, साडीवर कोट घातलेली, हातात जाळीची पिशवी. गाडी कुठली, कुठे जायचंय, मला काही ठाऊक नसतं. तिथे कुणी मला आजी म्हणत नाही. पंख्याचा वारा लागून कधी एखादं झाड पडतं, ते उचलून लावायला मी हात पुढे करते, आणि तो हात आभाळाएवढा दिसतो. मग मी उठून चहा ठेवते.

बस लकडी पुलावरून गेली. मी बाहेर बघत होते आणि मला काही दिसत नव्हतं. मागच्या वर्षी शालू एकदा फोनवर चिडली होती. मी काय विचारलं होतं? नेहमीचंच. जेवण, थंडी, कधी येणार, आणि त्या ओळखीच्या मुलाचं पुढे काय झालं. “आई, तू फोन करतेस की उलटतपासणी घेतेस? मला काही विचारत जाऊ नकोस, प्लीज.” मी पण पुण्याचीच. म्हटलं, बरं, नाही विचारणार. आणि नाहीच विचारलं. आता मला सांगा, प्रश्न विचारायचे नाहीत म्हटल्यावर आईला बोलायला उरतं काय? हवा. आमच्याकडे पाऊस, तुमच्याकडे बर्फ, ठेवू का? ठेव. फोन असा आखडत गेला की यांना द्यायच्या आधीच बंद व्हायचा. हे विचारायचे, “काय म्हणते?” मी म्हणायचे, “बर्फ.” मग कधीतरी तिनं कुणा येणाऱ्याबरोबर माझ्यासाठी एक इंजिन पाठवलं. मी न्हाऊन-माखून नवी साडी नेसले, खरंच सांगते, आणि ते रुळावर ठेवलं. ट्रान्सफॉर्मरनं घूं केलं, तांबडा दिवा लागला, सगळं गप्प. झालं होतं असं, की जर्मनांकडे या रेल्वेच्या दोन जाती आहेत, एक दोन रुळांची आणि एक तीन रुळांची. विटमानांचे रूळ एका जातीचे, शालूचं इंजिन दुसऱ्या. या जातीची चाकं त्या जातीच्या रुळांवर ठेवली की शॉर्ट सर्किट. सोवळ्याओवळ्याची आम्हाला एवढी सवय, आणि नेमकी जात विचारायची राहिली. तिला सांगितलं तर ती आधी हळहळली, मग खो खो हसली, मग म्हणाली, “थांब, मला नीट समजावून सांग.” त्या दिवशी आम्ही इतक्या बोललो की माझा कान गरम झाला. शेवटी ती म्हणाली, हे मी परत करते, तू दुसरं निवड, मी तेच घेते. तेव्हापासून दर रविवारी आम्ही इंजिन निवडतोय.

आधी शून्य-एक; तिकडे इंजिनांना अशा आकड्यांनीच ओळखतात. लांब पल्ल्याच्या गाडीचं, काळंभोर, तांबड्या चाकांचं. खऱ्याची चाकं माणसापेक्षा उंच. काय रुबाब! मी दोन रविवार त्याच्यावरून वेडी झाले होते. तिसऱ्या रविवारी मीच म्हटलं, माझी वळणं अगदी आवळ आहेत, एवढं लांब धूड त्यावरून नाचत जाईल, आणि खेडेगावच्या स्टेशनात ते थांबेल कशाला? मग पन्नास, मालगाडीचं. दणकट, प्रामाणिक, पण माझ्याकडे मालडबे नाहीत. मग एक तांबडं डिझेल, ते शालूला आवडलं; मला धूर हवा होता. मग ते गमतीचं, ज्याला तिकडे ‘काचेची पेटी’ म्हणतात: सगळीकडून खिडक्या, आणि एकटा माणूस आत उभा राहून सगळं चालवतो. शालू म्हणाली, “आई, हे घे ना. बिचारा एकटा आहे.” मी म्हटलं, बघू. आणि मग चौसष्ट. छोटं, पुढेमागे दोन्हीकडे सारखंच पळणारं, लहान गावांना हिंडणारं. माझं स्टेशन, माझी वळणं, माझे चार डबे, माझं साल, सगळ्यात ते बसत होतं. त्याला लोकांनी ठेवलेलं नाव ‘बूबिकोप्फ’, म्हणजे बॉबकटवाली. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की हेच. पण मी सांगितलं नाही. निवडलं असतं तर रविवार गेला असता. म्हणून मी बॉयलरवरचे घुमट मोजले, दिवे दोन की तीन यावर घोळ घातला, धुराडं आखूड वाटतं म्हणून कुरकुरले. शालू हूं हूं करायची, शोधून सांगायची, पुढच्या रविवारी नवीन काहीतरी घेऊन यायची. तिचा आवाज तेवढा वेळ माझ्या घरात असायचा. मला इंजिन नकोच होतं. माझी मुलगी माझ्याशी बोलायला हवी होती, दुसरं काही नाही.

कॅम्पात उतरले तेव्हा पाय आपोआप मेहरुनकडे वळले. मेहरुन अत्तार कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. मी भाषांतर करायचे, ती टाइप करायची, आणि माझ्या चुका न विचारता दुरुस्त करून वर मलाच सुनवायची. मेथी निवडत बसली होती. माझा चेहरा बघून अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली. मी निरोप दाखवला. तिनं वाचला, मोबाइल परत दिला.

“मग सांगून टाक की. एवढं रडायला काय झालं?”

“रडत नाहीये. सांगितलं की संपलं, मेहरुन. पुन्हा बर्फ आणि पाऊस.”

“तू पोरीशी बोलतेस की रेल्वे बोर्डाशी?” तिनं एक पिवळं पान बाजूला काढलं. “दोन दिवे का तीन दिवे! ती कशी आहे, काही ठाऊक आहे तुला?”

“विचारू नको म्हणाली होती.”

“आमची जुबेदा रोज म्हणते, अम्मी, दिमाग नको खाऊ. मी रोज खाते. दारं आपटते, रुसते, दुसऱ्या दिवशी परत येते. आई आहे मी तिची, पाहुणी नाही.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुम्ही दोघी फार शिकलेल्या बाबा. भांडता येत नाही तुम्हाला.”

मला राग आला. खरं बोललेलं माणूस कुणाला आवडतं! मेथी निवडून झाली तशी मी उठले. तिनं डब्यात गहू-डाळीचा खिचडा भरून दिला, श्रीनिवासना आवडतो म्हणून, आणि दारापर्यंत आली.

परतीच्या बसमध्ये डबा मांडीवर गरम लागत होता आणि मला झोप आणि जाग यांच्या मधलं काहीतरी लागलं. रस्त्याच्या मधोमध रूळ दिसायला लागले. शून्य-एक अलका चौकातून वळायला गेलं आणि त्याला वळता येईना, मागे रिक्षांचे हॉर्न. काचेची पेटी नदीच्या कडेनं एकटीच चालली होती, आतला माणूस कुणालाच ओळख देत नव्हता. मग चौसष्ट आलं. कर्वे रस्त्याच्या झाडांखालून, अगदी घरच्यासारखं, कुणाला धक्का न लावता. त्याच्या खिडकीत शालू होती, सात-आठ वर्षांची, बॉबकट केलेली. तिचे केस मीच कापायचे, गॅलरीत स्टुलावर बसवून, गळ्याभोवती यांचा जुना पंचा गुंडाळून. ती मान आखडून धरायची. मानेवर कापलेले बारीक केस चिकटायचे, ते मी फुंकर मारून उडवायचे आणि ती खांदे वर करून खिदळायची. ती फुंकर मला आता ओठांवर जाणवली. त्या मानेवर नंतर कधी फुंकर मारली नाही मी, कुठल्या दिवशी शेवटची मारली तेही आठवत नाही. वाटलं, काय चाललंय हे माझं? जिवंत पोर तिकडे, आणि मी अठ्ठावन्न सालात बसून खांबांना रंग देतेय. तिथे तर तिचा जन्मही झालेला नाही. बसमध्ये भडभडून आलं. शेजारची कॉलेजातली मुलगी म्हणाली, “आँटी, यू ओके?” मी म्हटलं, “हो गं, ऊन लागतंय.” आजीवरून आँटीवर आले, तेवढीच बढती.

संध्याकाळी मी फोन घेऊन शालूच्या खोलीत बसले. दिवा लावला नव्हता. डबे फलाटाला उभे, माणसं वाट बघतायत, खिडकीतून आलेल्या उजेडात सगळं धूसर आणि खरं. फोन वाजला.

“ठरलं का गं?” शालूनं विचारलं.

“ठरलं. चौसष्ट.”

“नक्की? दिवे तीन असले तरी चालतील?”

“चालतील.”

“बरं,” ती म्हणाली. मग काहीच नाही. हाच तो क्षण, ज्याला मी इतके रविवार टाळत होते. आता ती ‘ठेवू का’ म्हणणार. त्या शांततेत तिच्या मागून एका बाईचा आवाज आला, मोठ्या रिकाम्या जागेत घुमणारा, आणि जन्मभराच्या सवयीनं माझ्या डोक्यात भाषांतर सुरू झालं: फलाट क्रमांक चार, गाडी सुटत आहे, दारं मिटत आहेत, कृपया मागे उभे राहा.

“स्टेशनवर आहेस?”

“हं.”

“कुठे निघालीस?” गेला तोंडातून. सुटला प्रश्न.

“कुठेच नाही. आई, मी रोज येते इथे. बाकावर बसते. घरात बसवत नाही. नोकरी गेली माझी, झाले दोन महिने. सकाळी इमारतीतले सगळे कामाला जातात, मग मीही निघते आणि इथे येते. तुझ्या त्या इंजिनांचं वाचत बसते, म्हणजे रविवारी बोलायला काहीतरी असतं.”

“मग संपवू या का म्हणालीस?”

“कंटाळा आला. छान चाललंय अशा आवाजात दिव्यांबद्दल बोलायचा कंटाळा आला. आणि तू काही विचारत पण नव्हतीस.”

“तूच म्हणाली होतीस ना, विचारू नकोस!”

“म्हणाले होते. म्हणून काय खरंच विचारायचं नाही?” आणि ती रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, आधी आवाज नाही आणि मग एकदम.

मला तिच्यावर इतकं प्रेम दाटून आलं आणि इतका संताप आला, तिचा, माझा, आम्हा दोघींच्या त्या शहाण्या शिष्टपणाचा, की मी जागची उठून उभीच राहिले. म्हटलं, “शालू, ते इंजिन मागवू नकोस.”

“का?”

“तू ये. काम शोधायचं ते इथून शोध, नाही शोधलंस तरी चालेल. इंजिन येताना हातात घेऊन ये.”

तिनं फोन ठेवला नाही. नाक ओढल्याचा आवाज येत होता, आणि मागे दुसरी कुठली तरी गाडी. मी हाक मारली, “अहो, जरा इकडे या. हे धरा त्या बाजूनं.” श्रीनिवास आले, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा शेरा न मारता वाकले. फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरून मी माझी बाजू उचलली. तक्ता वाटला होता त्यापेक्षा जड निघाला. दारात तो तिरपा झाला, डबे एकापाठोपाठ घसरले, फलाटावरची सगळी माणसं खाली सांडली.

“आई,” शालू म्हणाली, “कसला आवाज झाला?”

“काही नाही गं,” मी म्हटलं, “तुझा पलंग मोकळा करतोय.”